खळं

पेरूची जेली करताना आई म्हणायची,
"सालं फेकू नको व माय,
धरून ठेवणारं सारं सालीतच ऱ्हायते."
पेक्टिन हा शब्द तिच्या कानावर कधी आला नव्हता.
मी फैजपूरच्या प्रयोगशाळेत तेवीस वर्षं तेच उकळतेय,
काचेच्या ताटल्यांत ओततेय,
थिजलं की ताटली उलटी धरून बघतेय.
पडत नाही.

केळीच्या दोन पेशींच्या मधेही हेच असतं.
सरोदे मॅडम मुलांना सांगतात, विटांमधला चुना.
मला तो पटत नाही. मी खळ म्हणते,
पतंगाला लावायचो ती, कणकेची,
बोटाला चिकटून वाळणारी.

सोमवारी विवऱ्याचे मुरलीधर भंगाळे आले.
ओल्या पोत्यात खोडाचा तुकडा, हात-दीड हात.
"पानं पिवळी होऊन खोडाभवती लोंबली, मॅडम,
लुगडं सुटल्यावानी."
मी मॅडम नाही. मी ताटल्या धुते, भरते.
तरी सुरी मीच घातली.
आत तांबूस रेघा, खालून वर,
जिथून पाणी चढतं नेमक्या त्याच वाटेनं.

सूक्ष्मदर्शकाखाली तिचे बीजाणू चंद्रकोरीसारखे.
बघून कुणाला वाटणार नाही.
तिला दात नाहीत. जीभ नाही. पोटही नाही,
म्हणून ती पोट बाहेरच सांडते.
आपण खातो नि मग पचवतो,
ती भिंत आधी पचवते, मग शोषते.
पहिलं विकर खळ सोडवतं.
त्याच्या मागून आडवे धागे तोडणारं येतं,
मग सेल्युलोजचे दोर उसवणारं,
टाका टाका, साखरेचा कण कण.
आणि काम झालं की विकर तसंच्या तसं,
हात झटकून पुढच्या दाराशी.

भंगाळे म्हणाले, "झाडाले समजत नाही का?"
समजतं.
फुटलेल्या भिंतीचे तुकडेच बोंब मारतात.
मग झाड नळ्या बुजवायला घेतं,
आतून फुगे फुगवून, डिंक भरून,
की ही वर चढू नये.
ती थोडी थांबते.
पाणी पुरतं थांबतं.
"म्हंजे तिनं नाही मारलं?"
मी सुरी स्पिरिटात बुडवली.
"दोघांनी मिळून," म्हटलं.

जाताना त्यांनी दुसऱ्या वावरातली फणी ठेवली,
पिकलेली, अंगावर तीळ उठलेली.
दुपारी मी दोन खाल्ली, जिभेनंच चुरली.
ही मऊसुद्धा खळ सुटूनच झालेली,
त्याच जातीच्या विकरानं, झाडाच्या स्वतःच्या,
झाडाला हवं तेव्हा.
तिसरं सोलून तसंच हातात धरून बसले बराच वेळ.

शुक्रवारी ताटलीवर रंग ओतला.
खळ शिल्लक तिथं गुलाबी.
मधोमध बुरशीचा पांढरा कापूस,
आणि त्याच्याभोवती कोरं, गोल,
चंद्राला पडतं तसं खळं.
पट्टी लावली. बावीस मिलिमीटर.
वहीत लिहिलं, खाली सही केली.
खळीचं खळं झालं, हे लिहायला वहीत रकाना नाही.

फोन केला भंगाळेंना.
त्या जागचे कंद कुणाला देऊ नका.
कुदळ धुऊन घ्या, चपलासुद्धा.
केळी नको तिथं आता.
"किती सालं?"
बीजाणू मातीत झोपून राहतात, म्हटलं,
आपल्यापेक्षा जास्त.
पलीकडे मोटारीचा आवाज येत राहिला.
मग म्हणाले, "पेरू लावू का मंग?"

मी उलटी ताटली हातात घेऊन उभी.
गुलाबी तेवढं धरून होतं.
कोऱ्यातून एक थेंब
सुटून झाकणावर आला.
"मॅडमना विचारते," म्हटलं,
आणि मग, का कोण जाणे,
"लावलेच, तर सालं माझ्यासाठी ठेवा."